वेशीवरचा भाकरतुकडा : ढेबेवाडी खोऱ्यातील एका गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे प्रकरण

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यातल्या एका गावात २०२० च्या मार्च ते मे या काळात जे घडले, त्याची ही नोंद आहे. गावाचे नाव मी देत नाही आणि माणसांची नावेही देत नाही, कारण ही माणसे आजही एकाच पाणवठ्यावर पाणी भरतात आणि एकाच देवळात बसतात. माझे घर त्याच गावात आहे. नोकरीमुळे मी कराडला राहतो, पण गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. त्यामुळे हे लिखाण बाहेरून आलेल्या अभ्यासकाचे नाही. ग्रुपवरचे त्या काळातले सगळे संदेश मी नंतर पुन्हा एकेक करून वाचले, गावातल्या आणि नवी मुंबईतल्या वीसेक जणांशी सवडीने बोललो आणि ज्या ठिकाणी दोन माणसांच्या सांगण्यात मेळ बसला नाही तो भाग इथे घेतला नाही.

या खोऱ्यातल्या जवळपास प्रत्येक घराचे एक दार मुंबईत उघडते. डोंगरउताराची जमीन, वर्षाला एक पीक आणि वाटण्या होऊन उरलेले गुंठे यांवर घर चालत नाही, म्हणून तीन पिढ्यांपूर्वी माणसे गिरण्यांत गेली, गोदीत गेली, मशीद बंदरच्या बाजारात पाठीवर पोती वाहू लागली. ज्या माथाडी कामगारांसाठी १९६९ साली राज्यात स्वतंत्र कायदा झाला, त्यांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे होते, यात आश्चर्य नाही. पुढे घाऊक बाजार नवी मुंबईला हलला, तशी आमच्या गावची माणसेही कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या भागांत गेली. त्याआधी लालबाग-परळच्या चाळीत गावकीची एक खोली असे. तिथे वीस-पंचवीस गडी आळीपाळीने झोपत, महिन्याला बैठक भरे, वर्गणी लिहिली जाई आणि गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पैसे, औषधे, लुगडी पाठवली जात. देवळाचा सभामंडप, शाळेची एक खोली आणि स्मशानभूमीचे पत्रे या बैठकांच्या वहीतून उभे राहिले आहेत.

या माणसांची ओळख नेमकी काय, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मुंबईत त्यांना ‘घाटी’ म्हणतात. यात्रेला गावी आले की गावातली पोरे ‘मुंबईकर आले’ म्हणून ओरडत सुटतात. म्हणजे जिथे राहतात तिथे ते गावचे आणि गावात आले की मुंबईचे. ज्या जागी उभे असतील तिथले ते कधीच नसतात. चाळीस वर्षे हमाली केलेल्या एका थोरल्या माणसाने मला सांगितले होते, “मास्तर, माझं गाव म्हणजे कराड ते ढेबेवाडी एसटीतला दीड तास. तेवढ्यात मी कुणाचा तरी असतो.”

गावाचा ग्रुप निघाला तेव्हा व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये शंभरच माणसे मावत. त्यामुळे पहिला वाद झाला तो ‘गावकरी कोण’ यावरच. घरटी एक नंबर असे ठरले. पण भाऊ वेगळे झालेल्या घरांचे काय, ज्यांचे घर पडले आणि फक्त जोते उरले आहे त्यांचे काय, अशी चर्चा आठवडाभर चालली. २०१६ साली ही मर्यादा २५६ झाली, त्याच वर्षाच्या सप्टेंबरात जिओ आले आणि पुढच्या वर्षभरात ग्रुप दोनशेच्या वर गेला. घरटी एक नंबर म्हणजे अर्थातच घरच्या कर्त्या पुरुषाचा नंबर. बायका नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर वाचत. लग्न होऊन गेलेल्या मुली, ज्यांना आपण एरवी मोठ्या मायेने माहेरवाशिणी म्हणतो, त्या एकही नव्हत्या. म्हाताऱ्या बायकांकडे फोनच नव्हते. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे ‘गावाचे मत’ असा शब्द येणार आहे.

या ग्रुपने काय दिले, ते न सांगता पुढे गेलो तर अन्याय होईल. कोयनेच्या भागात जमीन अधूनमधून हलते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप आठवणारी माणसे गावात अजून आहेत आणि भांडी वाजली की ती आजही आधी दाराकडे धावतात. पूर्वी असा धक्का बसला की मुंबईतल्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळे आणि मग तो गावात ज्याच्याकडे फोन असेल त्याला गाठायचा प्रयत्न करी. आता एका मिनिटात कोणीतरी ‘जाणवला का?’ एवढेच दोन शब्द टाकतो, वरच्या आळीतून ‘हो’ येते, खालच्या आळीतून ‘हो, पत्रे वाजले’ येते आणि तुर्भ्याच्या गाळ्यात कांद्याच्या पोत्यावर टेकलेला माणूस आईच्या घरच्या भिंतीला तडा गेला का ते विचारतो. जमीन इथे हलते आणि दचकणे दोन ठिकाणी होते. मयताची बातमी तर ग्रुपचे पहिले काम झाली होती. कोण गेले, माती कधी, मुंबईची गाडी कुठवर आली, उंब्रज सोडले का, हे सगळे गाव एकाच वेळी जाणत असे आणि त्या हिशोबाने मयत थांबवले जाई. यात्रेत छबिना निघाला की कोणीतरी फोन उंच धरून उभा राही. रजा न मिळालेली माणसे तिकडे पालखी पाहत हात जोडत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९३ साली समाजातल्या माणसांच्या सामाईक श्रद्धा-भावनांना सामूहिक जाणीव असे नाव दिले. त्यांना अपेक्षित असलेली गोष्ट आणि आमच्या ग्रुपवरचे ‘जाणवला का?’ या एकाच जातीच्या आहेत की नाहीत, हे मी ठामपणे सांगणार नाही. पण मुंबईतल्या त्या थोरल्या माणसाला एसटीतला दीड तास जे देत होता, ते आता ग्रुप दिवसभर देत होता. ग्रुपमध्ये कोणी घाटी नव्हते आणि कोणी मुंबईकरही नव्हते. सगळे नुसते गावचे होते.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता आणि देशभरची टाळेबंदी त्याच दिवशी सुरू झाली. त्याआधीच्या तीन-चार दिवसांत मुंबईहून काही कुटुंबे गावात पोहोचली होती. चैत्र वद्यातली यात्रा रद्द झाल्याचे ग्रुपवर आले, तेव्हा शंभरावर माणसांनी हात जोडलेले चिन्ह टाकले आणि तोवर सूर एकच होता. तो पालटला एका ध्वनिफितीने. कोणाचा आवाज होता ते कोणालाच माहीत नव्हते. शेजारच्या तालुक्यात मुंबईहून आलेल्या माणसामुळे अख्खी वाडी बाधित झाली, प्रशासन लपवते आहे, असे तिच्यात म्हटले होते. त्या फितीवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे ती आधीच अनेक हातांतून फिरून आलेली होती. ७ एप्रिलला व्हॉट्सॲपने असे बहुफिरते संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील अशी मर्यादा घातली, पण आमच्या ग्रुपमध्ये ती फीत त्याच्या आधीच चार वेळा येऊन गेली होती. तिसऱ्या रात्री रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्याचा फोटो आला आणि त्याखाली हा मजकूर : ‘समस्त ग्रामस्थांच्या वतीने कळविण्यात येते की, मुंबई-पुण्याहून येणाऱ्या कोणालाही पुढील सूचना मिळेपर्यंत गावात प्रवेश दिला जाणार नाही.’

भीती खोटी नव्हती, हे इथेच सांगायला हवे. गावात राहिलेली निम्मी माणसे साठीच्या पुढची, दवाखाना म्हणजे आठवड्यातून एकदा उघडणारे उपकेंद्र आणि खरा इलाज कराडला. रात्री श्वास लागला तर गाडी कोण काढणार, हा प्रश्न बाभळी टाकणाऱ्या मुलांनी आपापल्या आजी-आजोबांकडे पाहून विचारला होता. त्यांना मी निर्दय म्हणणार नाही. माझा आक्षेप त्या मजकुरातल्या पहिल्या तीन शब्दांना आहे.

समस्त ग्रामस्थ म्हणजे कोण? त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत बंदीच्या बाजूने लिहिणारी माणसे मी मोजली. ती अकरा होती. अंगठा दाखवणारी आणखी काही. बाकी सगळे गप्प होते आणि त्या गप्प राहिलेल्यांत मी होतो. कराडच्या घरी गच्चीवर बसून मी प्रत्येक संदेश वाचला. हे बरोबर नाही असे मनात आले, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. कारण विचाराल तर, सगळ्या गावाचे असे मत दिसते आहे, आपण बाहेर राहतो, आपण कशाला मध्ये पडा, एवढेच होते. नंतर बोलताना कळले की आणखी निदान नऊ जणांनी आपापल्या घरी, हेच मनाशी म्हणत, हेच केले होते. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमन यांनी १९७४ साली मांडले होते की, आपण एकटे पडू या धास्तीने माणूस आपले मत गिळतो, त्यामुळे बोलणारी बाजू असते त्याहून मोठी दिसते आणि ती मोठी दिसल्यामुळे आणखी माणसे गप्प होतात. हा विचार मी फार पूर्वी वाचला होता. गच्चीवर बसलो असताना तो माझ्या कामी आला नाही.

ग्रुप चालवणारा तरुण गावात मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्सचे दुकान चालवतो. मूळ मजकूर त्यानेच टाकला होता. वर्षभराने मी त्याच्या दुकानात बसलो असताना त्याने तो संदेश शोधून काढला, त्यावर बोट दाबून धरले आणि कोणी कोणी वाचला त्याची यादी माझ्यापुढे धरली. नावांमागून नावे वर सरकत होती, त्यात माझेही आले. तो म्हणाला, “मास्तर, एवढ्यांनी वाचलं. एकानंही नको म्हटलं नाही. मग हे गावाचं मत नाही, तर कुणाचं?” या प्रश्नात मला कसलाही उद्धटपणा दिसला नाही. त्याला खरोखरच तसे वाटत होते आणि वाचणाऱ्यांच्या यादीवरून दुसरे काही वाटणे कठीणच होते.

देवळातल्या बैठकीत गप्प बसणे आणि ग्रुपवर गप्प बसणे यांतला फरक मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. बैठकीत गप्प बसलेला माणूस दिसतो. एखादा जमिनीवर काडीने रेघोट्या ओढत बसतो, एखादा उठून खांबाआड जातो, एखादी म्हातारी पायरीवरून नुसते ‘अगं बाई’ म्हणते आणि बोलणाऱ्याचा आवाज आपोआप अर्धा पट्टी खाली येतो. जुने पंच असली मौने वाचण्यात तरबेज होते. निर्णय पुढच्या बैठकीवर टाकायचा की नाही, ते यावरूनच ठरे. ग्रामसभेच्या कायद्यातही एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तेवढी हजेरी नसली तर सभा तहकूब होते. म्हणजे न आलेल्या माणसाचा अर्थ होकार असा लावायचा नाही, हे कायद्याने ओळखले आहे. ग्रुपवर मात्र संतापाने गप्प झालेला, लाजेने गप्प झालेला, झोपलेला आणि चार्जिंग संपलेला, हे सारे एकाच खुणेत मोडतात. शाळेच्या पटावर हजेरी घेताना ‘हजर’ न म्हणणाऱ्या मुलाकडे मान वर करून पाहावे लागते. इतकी वर्षे ते करून ग्रुपवर मात्र मी ती मान वर केली नाही, याचे मला वाईट वाटते.

मुंबईकडून उत्तर यायला एक दिवस लागला. पहिला संदेश एका ओळीचा होता : ‘वर्गणी चालते, माणूस चालत नाही?’ त्यानंतर सभामंडपाचे पैसे कोणी दिले, २००५ च्या पावसात पडलेली भिंत कोणी बांधली, कोणाच्या मुलीच्या लग्नाला कोणी किती हातभार लावला, हे सगळे निघाले. जे कधी बोलायचे नसते, तेच नेमके बोलले गेले. इकडून एकाने लिहिले, ‘मंग तिकडंच राहा.’ त्या रात्री सात जणांनी ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी दुकानदार तरुणाने फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी व्यवस्था केली आणि ग्रुप शांत झाला. ग्रुप सोडलेल्यांपैकी एकाशी मी पुढे कोपरखैरण्यात बोललो. तो म्हणाला, “गावात येऊ नको म्हटले याचं फार वाटलं नाही, रोग तसाच होता. पण ‘समस्त ग्रामस्थ’ म्हटलं, त्यात मी कुठं होतो? मी बी ग्रामस्थच की.” याच माणसाला त्या ग्रुपने चार वर्षे नुसते गावचे असण्याचे सुख दिले होते. मुंबईने घाटी म्हटल्याचे त्याने कधी मनावर घेतले नव्हते, कारण त्याच्या मागे गाव होते. ते गाव दोन शब्दांनी बाजूला झाले, तेव्हा त्याच्यापाशी काहीच उरले नाही.

मे महिन्यात पोलिसांच्या परवानगीने जिल्ह्याबाहेरून येण्याची सोय झाली आणि ११ मेपासून वाशीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद राहिला. हातावर पोट असलेल्यांना तिथे थांबण्यात अर्थ उरला नव्हता. ग्रुप सोडलेल्यांपैकी एक माथाडी कामगार बायको आणि दोन मुलांना घेऊन निघाला. शिरवळच्या तपासणी नाक्यावर थांबत, दुसऱ्या गावच्या लोकांबरोबर केलेल्या जीपने तो संध्याकाळी आमच्या फाट्यावर उतरला. तिथून दीड किलोमीटर ते चालत आले. वेशीवर बाभळी होत्या आणि बाभळींच्या अलीकडे पंधरा-वीस माणसे उभी होती. त्यांतल्या तिघांनी ग्रुपवर सर्वांत कडक लिहिले होते.

पुढचे मी पाहिलेले नाही. चौघांनी आपापले स्वतंत्रपणे सांगितले आणि चौघांच्याही सांगण्यात तांब्या आहे. त्या माणसाची आई सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी, फोन नसलेली. गावाने काय ठरवले ते तिला कोणी सांगितलेच नव्हते. मुलगा वेशीवर आल्याचे कानावर येताच ती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात भाकरी घेऊन आली. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला घरात घ्यायचे नाही, एवढे तिला माहीत. आशा सेविकेने तिला दहा पावलांवर अडवले. म्हातारी तिथेच थांबली. तिने भाकरीचे दोन तुकडे केले, हवेतच चौघांवरून तीनदा ओवाळले, एक तुकडा उजवीकडे टाकला, एक डावीकडे, आणि तांब्यातले पाणी पुढच्या मातीवर ओतले. ती धार संपेपर्यंत कोणी बोलले नाही. मग पोलीस पाटलांनी वाकून एक फांदी ओढली. तिघांपैकी एकाने दुसरी ओढली. कोणी काही ठरवले नाही, ठराव झाला नाही, मजकूर लिहिला गेला नाही. सरपंचांनी ग्रामदक्षता समितीच्या सूचनेप्रमाणे त्या कुटुंबाला चौदा दिवस शाळेच्या खोलीत ठेवले, ते योग्यच होते आणि त्या कुटुंबानेही ते आनंदाने मानले. ज्याने ‘मंग तिकडंच राहा’ लिहिले होते, त्याच्या घरून रोज सकाळी खिडकीत दुधाची किटली येत राहिली.

त्या चौघांपैकी कोणालाही लागण नव्हती. पण त्यावरून बाभळी टाकणारे चुकले आणि काढणारे जिंकले असे मी म्हणणार नाही, कारण लागण असती तरी शाळेची खोली हेच उत्तर होते. मला नोंदवायचे आहे ते एवढेच की, वेशीवरच्या पंधरा-वीस माणसांत अशी खोली काढता येईल हे कोणालाही पाच मिनिटांत सुचू शकत होते, आणि ग्रुपवर दोनशे माणसांना दीड महिन्यात ते सुचले नाही. तिथे फक्त ‘येऊ द्या’ आणि ‘येऊ देऊ नका’ अशा दोनच गोष्टी बोलता येत होत्या. दुर्खीम यांनीच पुढे लिहिलेले आहे की, समाजाला आपण एक आहोत हे माणसे एका जागी जमतात तेव्हा तीव्रतेने जाणवते. आमच्या ग्रुपवर जाणीव एका क्षणात सगळीकडे पोहोचत होती. भूकंपाच्या वेळी तेवढे पुरत होते, कारण भूकंपात कोणाला काही ठरवायचे नसते.

जूनमध्ये घणसोलीत गावच्या एका वयस्कर माणसाचे निधन झाले. चार नातेवाइकांपलीकडे कोणाला जाता आले नाही. ग्रुप पुन्हा सगळ्यांसाठी खुला केला गेला आणि दिवसभर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत राहिले. त्यांचा मुलगा मला म्हणाला, “दोनशे श्रद्धांजल्या आल्या, मास्तर. फोन तिघांचे आले.” मी त्या तिघांत नव्हतो. हे कळल्यावर मी त्याला फोन केला, पण तोवर तेरावाही उलटला होता.

१ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठले आणि दोन वर्षांनी यात्रा भरली. आदल्या रात्री सभामंडपात बैठक झाली, ती पहाटेपर्यंत चालली. तिथे बरेच कडू बोलणे झाले, एक-दोघे उठून गेले आणि परत येऊन बसले. ग्रुपवर कोणताही निर्णय जाहीर करायचा नाही, तिथे फक्त कळवायचे, ठरवायचे ते देवळात आणि मुंबईच्या बैठकीत, असे ठरले. ‘समस्त ग्रामस्थ’ हा शब्द कोणाच्या सहीशिवाय वापरायचा नाही, ही सूचना मी मांडली आणि ती मान्य झाली. माहेरवाशिणींना ग्रुपमध्ये घ्यावे, ही गोष्ट एका मुलीने पायरीवरून मांडली. त्यावर बराच वेळ चर्चा होऊन ती पुढच्या बैठकीवर गेली आणि अजून तिथेच आहे. मला तो या बैठकीचा सर्वांत मोठा कमीपणा वाटतो.

ग्रुप सोडलेल्या सातांपैकी पाच परत आले. बाभळीपलीकडे उभा राहिलेला तो माथाडी कामगार आला नाही. यात्रेला येतो, पालखीला खांदा देतो, वर्गणी दोन्ही वर्षांची एकदम दिली. पण नंबर घालू का असे विचारले की, राहू दे म्हणतो. त्यामुळे गावात कोणी गेले की दुकानदार तरुण आधी ग्रुपवर टाकतो आणि मग दुकानाच्या बाहेर येऊन, रेंज मिळते त्या चिंचेखाली उभा राहून, त्याला स्वतंत्र फोन लावतो.